रोलमधली शेवटची फ्रेम : प्रवास, रोजचा निसर्ग आणि छायाचित्र



आयोजकांनी मला विषय दिला तो असा : रोजचा निसर्ग, प्रवास आणि छायाचित्र यांतलं सौंदर्य. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. छायाचित्रकार मी नाही, त्यामुळे कोणता कॅमेरा घ्यावा हे व्याख्यानानंतर कृपा करून विचारू नका. (हशा) मला आज बोलायचं आहे ते समीक्षेबद्दल. कवितेला समीक्षक असतो, नाटकाला असतो, चित्रपटाला तर नको इतके असतात. पण आपण सगळेच जे भरमसाट निर्माण करतो, म्हणजे सहलीचे आणि झाडाफुलांचे फोटो, त्यांच्या वाट्याला फक्त 'वा, सुंदर!' आणि एक अंगठा येतो. या फोटोंना गंभीरपणे घ्यायचं ठरवलं, त्यांना चांगलं किंवा वाईट म्हणायचं ठरवलं, तर कोणत्या कसोटीवर म्हणायचं? आजचा प्रश्न एवढाच.

एका घरगुती प्रसंगापासून सुरुवात करतो. गेल्या वर्षी माळा आवरताना जुने अल्बम निघाले. तीसेक वर्षांच्या सहली त्यांत होत्या. बर्फाची शिखरं, समुद्रातले सूर्यास्त, धबधबे, घाटातलं धुकं. आम्ही दोघं पाहत बसलो आणि हळूहळू लक्षात आलं की निम्मे फोटो कुठले आहेत तेच सांगता येत नाही. एका शिखराकडे बोट दाखवून मी हिला विचारलं, "हे कुठलं गं?" ती म्हणाली, "मागे लिहिलं असेल, बघा." मागे तारीख होती. जागा लिहिलेली नव्हती. आणि खरं सांगायचं तर जागा लिहिलेली असती, तरी त्या फोटोत फार काही भर पडली नसती. ते कुठलंही शिखर असू शकलं असतं.

मग एक फोटो आला आणि आम्ही दोघंही थांबलो. आमच्या जुन्या घराच्या परसातलं केळीचं पान. वाऱ्यानं चिरफाळलेलं, पागोळ्यांचं पाणी पडून जड झालेलं, मागे कपडे वाळत घालायची तार आणि तारेवर ओळीनं थेंब. हा फोटो काढला कशाला? तुमच्यातल्या पन्नाशीपुढच्यांना लगेच कळेल. तेव्हा रोल असायचा, 36 फोटोंचा. सहलीहून परत आल्यावर एकदोन फोटो शिल्लक असायचे. ते संपल्याशिवाय रोल धुवायला द्यायचा म्हणजे पैसे वाया. म्हणून घरातच काहीतरी टिपायचं. तो फोटो रोल संपवायचा म्हणून काढलेला होता. हजार मैल जाऊन काढलेले पस्तीस फोटो मेलेले, आणि उरकायचा म्हणून काढलेला छत्तिसावा जिवंत. हे असं का व्हावं?

पहिला आक्षेप मीच घेतो. ते घर आता आमचं नाही. तेव्हा हे सौंदर्य नसून नुसतं गतकातर होणं असेल. शंका रास्त आहे. म्हणून तो फोटो मी शेजारच्या एका कॉलेजात जाणाऱ्या मुलाला दाखवला. त्यानं ते घर पाहिलेलं नाही. तो म्हणाला, "काका, हे पान ओलं आहे हे हाताला कळतंय." एका माणसाच्या बोलण्यानं सिद्धान्त सिद्ध होत नाही, हे मी जन्मभर विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे. पण प्रश्न विचारण्याइतका आधार त्यात मला सापडला.

आता थोडं मागे जाऊ. कॅमेरा यायच्या आधीच सहलीला जाणाऱ्यांनी आपल्या बऱ्याच खोडी शोधून ठेवल्या होत्या. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये निसर्ग पाहायला जायची टूम निघाली. या मंडळींच्या खिशात एक आरसा असे. काळसर काचेचा, किंचित फुगीर. त्याला क्लॉद आरसा म्हणत, कारण त्यात दिसणारं दृश्य सतराव्या शतकातला निसर्गचित्रकार क्लॉद लोरेन याच्या चित्रासारखं दिसे. रंग मऊ होत, कडा विरघळत, सगळं एका चौकटीत मावे. आता गंमत बघा. आरशात दृश्य पाहायचं तर दृश्याकडे काय करावं लागेल? पाठ! डोंगरासमोर जाऊन डोंगराकडे पाठ फिरवायची आणि हातातल्या काचेत बघायचं. थॉमस ग्रे हा मोठा कवी 1769 मध्ये लेक डिस्ट्रिक्टमध्ये हिंडत होता. आरसा हातात उघडा असतानाच तो चिखलाच्या वाटेवर पाठीवर आपटला. बोटांची पेरं तेवढी फुटली. हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलं आहे. कड्याच्या टोकाशी पाठ करून सेल्फी काढणाऱ्याला आपण आजकालची पिढी म्हणून नावं ठेवतो, पण हा आजार अडीचशे वर्षांचा आहे.

या आरशात वाईट काय होतं? मनोरंजन म्हणून काहीच नाही. पण समीक्षेच्या दृष्टीनं एक गोष्ट बघा : सुंदर काय ते पाहण्याआधी ठरलेलं होतं. क्लॉदच्या चित्रासारखं दिसलं तर सुंदर, नाही दिसलं तर पुढे चला. डोंगराला बोलायची संधीच नव्हती, त्यानं फक्त होकार द्यायचा होता. आपल्या अल्बममधली शिखरं मेलेली का, याचं पहिलं उत्तर इथं मिळतं. ते फोटो आम्ही काढायच्या आधीच कॅलेंडरवर काढले गेले होते. आम्ही फक्त पडताळा घेऊन आलो.

दुसरं उत्तर आपल्याच परंपरेत आहे. अभिनवगुप्तांनी रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्नं सांगितली आहेत. ती नाट्याच्या संदर्भात आहेत, फोटोच्या नव्हेत, हे आधीच कबूल करतो. पण त्यातलं दुसरं विघ्न मला इथे फार उपयोगी वाटतं. विशिष्ट स्थळकाळात आणि 'माझं-दुसऱ्याचं' या भावात अडकून पडणं. प्रेक्षक 'हे माझं दुःख' किंवा 'हे त्या शेजाऱ्याचं दुःख' असं म्हणत राहिला, तर रसापर्यंत पोचतच नाही. अनुभव कुणा एकाचा न राहता सर्वांचा व्हावा लागतो. यालाच साधारणीकरण म्हणतात. आता सहलीचा सर्वसाधारण फोटो बघा. तो काय म्हणतो? 'मी. इथे. या तारखेला.' फोन तर ठिकाणही आपोआप चिकटवून देतो. हे विघ्नच फोटोचा विषय होऊन बसलं आहे!

इथे मला कुणावर अन्याय करायचा नाही. 'आम्ही सगळे इथे गेलो होतो' असं सांगणाऱ्या फोटोला त्याची जागा आहे. आई-वडील पंढरपूरला चंद्रभागेच्या वाळवंटात उभे आहेत, असा फोटो घराघरांत असतो. त्याला सौंदर्याची कसोटी लावणारा माणूस वेडा. तो स्मरणाचा फोटो आहे आणि स्मरण ही लहान गोष्ट नाही. घोटाळा होतो तो स्मरणाचा फोटो सौंदर्याचा म्हणून पुढे केला जातो तेव्हा. सूर्यास्ताचा फोटो दाखवताना माणूस म्हणतो 'किती सुंदर', पण त्याला म्हणायचं असतं 'मी गेलो होतो'. या दोन वाक्यांत फरक करणं हे समीक्षकाचं पहिलं काम.

आता खुद्द छायाचित्राच्या जन्माकडे येऊ. तीही एका प्रवासाची गोष्ट आहे. ऑक्टोबर 1833. विल्यम हेन्री फॉक्स टॅलबॉट हा इंग्रज विद्वान इटलीत कोमो सरोवराच्या काठी पत्नीबरोबर आला होता. कॅमेरा ल्युसिडा नावाच्या लोलकाच्या साधनानं तो समोरचं दृश्य कागदावर गिरवायचा प्रयत्न करत होता. चित्र काही जमेना. तेव्हा त्याच्या मनात आलं की प्रकाशानं स्वतःच कागदावर उमटून तिथे राहावं, असं काही करता आलं तर? म्हणजे छायाचित्राची एक मोठी कल्पना पर्यटकाच्या फजितीतून निघाली.

पण पुढे काय झालं ते महत्त्वाचं आहे. टॅलबॉटचं जे सर्वांत जुनं निगेटिव्ह आज शिल्लक आहे, ते ऑगस्ट 1835 चं. त्यावर कोमो सरोवर नाही. त्याच्या लॅकॉक ॲबी या राहत्या घराची जाळीदार खिडकी आहे. पोस्टाच्या तिकिटाएवढा कागद. त्याचे लाकडी कॅमेरे इतके लहान होते, की त्याची बायको त्यांना उंदरांचे सापळे म्हणायची. टॅलबॉटनं त्या कागदावर नोंद केली आहे की तो तयार झाला तेव्हा भिंगातून खिडकीची सुमारे दोनशे तावदानं मोजता येत होती. जरा विचार करा. त्या घरात तो कितीदा त्या खिडकीजवळून गेला असेल! तावदानं मोजावीत असं आधी कधी वाटलं असेल का? कल्पना सुचली परगावी, पण प्रत्यक्ष पाहणं सुरू झालं घरच्या खिडकीशी.

पुढे 1844 पासून त्यानं 'द पेन्सिल ऑफ नेचर' हे छायाचित्रांचं पुस्तक भागाभागानं काढलं. त्यातलं सहावं चित्र 'उघडं दार' या नावाचं आहे. गोठ्यासारख्या एका इमारतीचं अर्धवट उघडं दार, दाराला टेकवून ठेवलेला खराटा, भिंतीवर वेल, कंदील, आत काळोख आणि काळोखाच्या पलीकडे एक अंधुक खिडकी. खराट्याची तिरकी सावली दारावर पडली आहे. या चित्राबरोबरच्या मजकुरात टॅलबॉट डच चित्रकारांचा हवाला देतो. त्यांनी घरगुती, रोजच्या गोष्टी रंगवल्या, तर आपण का नाही, असा त्याचा रोख. मी हे चित्र पुन्हा पुन्हा पाहतो. हा खराटा सहज ठेवलेला नाही, मांडलेला आहे. तरी त्यात लबाडी वाटत नाही. कारण मांडणी खराट्याला दुसरं काही बनवत नाही. तो खराटाच राहतो, फक्त पहिल्यांदा दिसतो.

मग प्रश्न येतो : दाखवायची वस्तू जितकी साधी, तितका फोटो चांगला, असं काही आहे का? नाही. तसं असतं तर प्रत्येक खराट्याचा फोटो श्रेष्ठ ठरला असता. इथे दुसरा एक माणूस मदतीला घेतो, आल्फ्रेड स्टीग्लिट्झ. अमेरिकन छायाचित्रकार. 1922 मध्ये त्यानं न्यू यॉर्क राज्यातल्या लेक जॉर्ज इथल्या घराच्या आवारातून ढगांचे फोटो काढायला सुरुवात केली, आणि पुढे दहाबारा वर्षं तो ते काढत राहिला. निमित्त काय? त्याची व्यक्तिचित्रं प्रभावी असतात ती समोर बसणाऱ्या माणसांवर त्याची छाप पडते म्हणून, अशा अर्थाचं कुणीतरी लिहिलं होतं. स्टीग्लिट्झला ते झोंबलं. ढगांवर कुणाची छाप पडणार? ते सगळ्यांना दिसतात, त्यांच्यावर अजून कर बसलेला नाही, असं त्याचं म्हणणं. 1925 पासून तो या चित्रांना 'इक्विव्हॅलंट्स' म्हणू लागला. मनातल्या भावस्थितीशी समतुल्य अशी चित्रं.

त्यांतल्या बऱ्याच चित्रांत क्षितिज नाही. जमीन नाही, झाड नाही. वर कुठलं, खाली कुठलं, हेही कळत नाही. अभिनवगुप्तांचं दुसरं विघ्न आठवा. इथे 'कुठे' आणि 'केव्हा' हे दोन्ही गळून पडले आहेत. उरलं ते काळ्या-पांढऱ्याचं चढणं-उतरणं. त्याच्या आधीच्या मालिकांना त्यानं संगीताची नावं दिली होती, ती उगीच नव्हेत. आपल्या मर्ढेकरांनी सौंदर्याचं मूळ लयीत शोधलं. संवाद, विरोध आणि समतोल ही त्या लयीची तत्त्वं मानली. त्यांच्या भाषेत बोलायचं तर ही चित्रं म्हणजे जवळजवळ शुद्ध लय.

'जवळजवळ' म्हणालो, कारण एक गोष्ट उरते. उद्या कुणी सिद्ध केलं की हे ढग नव्हतेच, काळ्या फलाटीवर कापूस पसरून फोटो काढले होते, तर? रेषा त्याच, छटा त्याच. तरी आपला रस ओसरेल. कांटनं 1790 च्या 'क्रिटिक ऑफ जजमेंट'मध्ये असाच एक किस्सा सांगितला आहे. एक खाणावळवाला पाहुण्यांना रात्री नाइटिंगेल पक्ष्याचं गाणं ऐकवून खूश करतो. पक्षी नसतोच. झुडपात पोरगं बसवलेलं असतं, तोंडात बोरूची शिटी धरून. खरं कळलं की क्षणापूर्वी मोहक वाटणारं तेच गाणं कुणालाही ऐकवत नाही. कांटचा मुद्दा असा, की निसर्गाच्या सौंदर्यात आपण गुंततो तेव्हा 'हे निसर्गानं केलं आहे' हा विश्वास त्यात असतो. आज फोटोतलं आकाश बदलता येतं, जगात नसलेलं फूल संगणकाकडून काढून घेता येतं. त्यानं आपण फसल्यासारखे होतो ते का, हे कांटच्या शिटीवाल्या पोरानं आधीच सांगून ठेवलं आहे.

म्हणजे दोन्ही बाजूंनी ओढ आहे. फोटो स्थळकाळातून सुटावा असं वाटतं, आणि तो खऱ्या वस्तूला बांधलेलाही हवा. रा. भा. पाटणकरांचा 'सौंदर्यमीमांसा' हा ग्रंथ 1974 सालचा. त्यात त्यांनी दाखवलं की आपली सौंदर्याची संकल्पना एकध्रुवी नाहीच. एक ध्रुव अलौकिकतेचा : कलाकृतीचं जग स्वायत्त, तिच्याकडे व्यवहारातून पाहू नका. दुसरा लौकिकतेचा : जीवनाशी, ज्ञानाशी, नीतीशी असलेलं नातं तोडू नका. मला वाटतं, निसर्गाचं छायाचित्र हे या द्विध्रुवी संकल्पनेचं सर्वांत उघड उदाहरण आहे, कारण कॅमेऱ्याला लौकिक जग टाळताच येत नाही.

याची परीक्षा एका जागी घेऊ. कास पठार. साताऱ्याच्या पश्चिमेला सुमारे 25 किलोमीटरवर. 2012 मध्ये पश्चिम घाटातली जी स्थळं जागतिक वारसा म्हणून जाहीर झाली, त्यांत कास आहे. जांभ्या दगडाचा सडा आणि त्यावर मातीचा अगदी पातळ थर. ऑगस्टअखेरीपासून तिथे फुलांचे गालिचे पसरतात आणि त्याबरोबर आपणही पसरतो. मी दोनदा गेलो. दुसऱ्या खेपेस पाहिलं की एक कुटुंब फोटोसाठी फुलांत बसलं होतं. उठून गेल्यावर तिथे बसकणीच्या आकाराची हिरवी-तपकिरी जागा उरली. त्या कुटुंबाला फुलं आवडत नव्हती असं नाही. फार आवडत होती. म्हणूनच तर बसले.

तिथे सीतेची आसवं नावाचं निळं-जांभळं नाजूक फूल असतं. नाव ऐकलं की मन हळवं होतं. पण त्या वनस्पतीचा उद्योग निराळा आहे. ती कीटकभक्षी आहे. त्या पातळ, निकस मातीत पोषण पुरत नाही, म्हणून ओल्या मातीत दडलेल्या बारीकशा पिशव्यांनी ती सूक्ष्म जीव पकडते. आता मला सांगा, हे कळल्यावर फूल जास्त सुंदर दिसतं, कमी दिसतं, की काहीच फरक पडत नाही?

कांट म्हणेल, फरक पडत नाही. फूल म्हणजे वनस्पतीचं जननांग, हे वनस्पतिशास्त्रज्ञाला ठाऊक असतं. पण सौंदर्याचा निवाडा करताना तोही ते ज्ञान बाजूला ठेवतो, असं कांटनं स्पष्टच म्हटलं आहे. याउलट ॲलन कार्लसन हा आपल्या काळातला तत्त्वज्ञ म्हणतो की निसर्गाला चित्राच्या चौकटीत पाहणं हीच चूक आहे. निसर्गाचा योग्य आस्वाद घ्यायचा तर तो काय आहे आणि कसा घडला आहे, याचं ज्ञान लागतं. मी वर्गात वर्षानुवर्षं कांटची बाजू घेतली. कासला मात्र माझी अडचण झाली. गालिचा म्हणून पाहिलं की माणूस त्यावर बसतो, कारण गालिचा बसण्यासाठीच असतो! बोटभर मातीवर तगून राहिलेलं, पोटासाठी शिकार करणारं झाड म्हणून पाहिलं की आपोआप पाय जपून पडतो. तेव्हा माझ्या मतात एवढी दुरुस्ती मी केली आहे : सौंदर्याचा निवाडा ज्ञानातून निघत नाही हे कांटचं म्हणणं खरं, पण आपण नक्की कशाला सुंदर म्हणतो आहोत हे ज्ञानावाचून कळत नाही. त्या कुटुंबानं सुंदर म्हटलं ते रंगाच्या पट्ट्याला. फूल त्यांनी पाहिलंच नव्हतं.

आता दोन्ही ध्रुव एकत्र सांभाळणारा एक माणूस दाखवतो. योसेफ सुडेक, प्रागचा. जन्म 1896. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला. एका हातानं तो जड, तिकाटण्यावरचे कॅमेरे घेऊन प्रागभर हिंडत असे. पुढे जर्मन फौजांनी देश व्यापला आणि बाहेर कॅमेरा घेऊन फिरणं अवघड झालं. 1940 पासून त्यानं एक मालिका सुरू केली, 'माझ्या स्टुडिओची खिडकी'. ती 1954 पर्यंत चालली. एका अंगणातला लाकडी स्टुडिओ, त्याची खिडकी, बाहेर एक वाकडं झाड. बस, एवढंच. कधी काचेवर वाफ, कधी थेंबांचे ओघळ, कधी बर्फ, कधी चौकटीवर पाण्याचा पेला. त्याच झाडाची पुन्हा पुन्हा निराळी चित्रं.

या चित्रांत दृश्य आणि पाहणारा यांच्यामध्ये काच आहे, आणि ती लपवलेली नाही. क्लॉद आरशातही काच होती, पण ती दृश्य गोड करून देत होती. सुडेकची काच दृश्याला अडवते. वाफेमुळे झाड दिसत नाही, म्हणून पाहणाऱ्याला थांबावं लागतं, शोधावं लागतं. आत माणसाच्या श्वासाची ऊब आहे आणि बाहेर थंडी, हे त्या वाफेवरूनच कळतं. ती चित्रं कुठली आणि कोणत्या वर्षांतली हे ठाऊक नसलं तरी पकड घेतात. ठाऊक झालं, तर पकड घट्ट होते. युद्धाचा एकही सैनिक त्यांत नाही, तरी बाहेर पडता न येणं त्यांत आहे. घरात अडकलेल्या माणसानं खिडकीकडे तक्रार म्हणून न पाहता काम म्हणून पाहिलं. माझ्या मते निसर्गाच्या छायाचित्राची ही फार वरची पायरी आहे. आणि ते झाड कुणीही मुद्दाम पाहायला जावं असं नव्हतं.

आयोजकांच्या पत्रात 'प्रेरणा' हाही शब्द होता. त्याबद्दल दोन शब्द बोलतो. रोज सकाळी माझ्या फोनवर दहाबारा सूर्योदय येतात. प्रत्येकावर एक सुविचार. समीक्षक म्हणून विचाराल, तर तो सूर्योदय म्हणजे पाकीट आहे. सुविचाराला गुंडाळायचा रंगीत कागद. सूर्य काढून तिथे कमळ घातलं तरी बिघडत नाही, आणि जे बदललं तरी बिघडत नाही ते पाहिलेलं नसतं. पण माणूस म्हणून विचाराल, तर मी ते बंद करा म्हणणार नाही. आमच्या वयात ती हजेरी असते. एका मित्राचा सूर्योदय सलग दोन दिवस आला नाही, तेव्हा मी घाबरून फोन केला. तो पोराकडे गेला होता आणि चार्जर विसरला होता. (हशा) तेव्हा हजेरीला हजेरी म्हणू या. प्रेरणा वेगळी. प्रेरणेला सुविचार लागत नाही. एखादी गोष्ट नीट दिसली की पुढची नीट पाहावीशी वाटते, एवढाच तिचा अर्थ मला कळतो. ते केळीचं पान पाहिल्यावर मी उठून आमच्या गॅलरीतली तुळस पाहिली. मंजिऱ्या वाळून गेल्या होत्या आणि एक मुंगी त्यांवर चढत होती. महिनाभर मी त्या कुंडीत पाणी घालत होतो, पण तिच्याकडे पाहिलं नव्हतं.

आज आत येताना एका मुलीनं मला अडवून विचारलं, "सर, म्हणजे आम्ही फिरायला जायचं नाही का?" विषय वाचूनच तिला पुढचं सगळं कळलं होतं! तिला उत्तर देतो. जरूर जा. कांट आपल्या गावाच्या परिसराबाहेर फारसा कधी गेला नाही आणि तरी त्यानं विद्यापीठात वर्षानुवर्षं भूगोल शिकवला. तो कांट होता, आपल्याला ते जमणार नाही. नव्या जागी सवयीचं कातडं निघतं, डोळे ताजे होतात. टॅलबॉट कोमोला गेला नसता तर त्याला ती खिडकी दिसली असती असं मी म्हणू शकत नाही. माझा छत्तिसावा फोटोसुद्धा सहलीच्या रोलमधलाच होता. पंधरा दिवस डोळ्याला कॅमेरा लावून हिंडलेला माणूस घरी आला आणि त्याच सवयीत त्यानं परसाकडे पाहिलं. एरवी पाहिलं नसतं. म्हणून प्रवासाची कसोटी मी प्रवासातल्या फोटोंवर लावत नाही, परत आल्यानंतरच्या पहिल्या फोटोवर लावतो.

आता रोल राहिला नाही, छत्तीसची मर्यादा राहिली नाही. फोटो फुकट झाला, त्यामुळे शेवटची फ्रेमही नाहीशी झाली. तेव्हा शिक्षकाच्या सवयीनं घरचा अभ्यास देतो. पुढच्या व्याख्यानापर्यंत आठ दिवस आहेत. घरातली एक खिडकी निवडा. रोज एक फोटो, एकच, तिथूनच. कुणाला पाठवायचा नाही, रंग बदलायचे नाहीत. बाहेर जे झाड असेल त्याचं नाव माहीत नसेल तर शोधून काढा. आठव्या दिवशी ते सगळे ओळीनं मांडा आणि पहिल्या फोटोत नसलेलं असं काय आठव्यात दिसलं, ते एका कागदावर लिहून आणा. आणि काहीच दिसलं नाही, तर तेही लिहा. तोही निवाडाच आहे, आणि त्यावरही आपण बोलू.